दोन काठ्या, एक दोरी आणि बादलीभर साबणपाणी

मोठा फुगा तोंडाने फुंकता येत नाही, हे मुलांना सांगून पटत नाही. गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून, सगळा जीव एकवटून ती फुंकतात आणि मोठ्या कड्यावरचा साबणाचा पडदा पट्कन फुटतो. तीच फुंकर लहान कड्यातून घातली की फुग्यांची माळच्या माळ बाहेर पडते. मग मोठ्यातून का नाही? या प्रश्नापाशी मुलं अडली की मला आतून बरं वाटतं. याचं उत्तर सांगण्यापेक्षा करून बघण्यात मजा आहे. आणि करून बघायला लागतं तरी काय?

साबणाचा पापुद्रा सतत आकसायला बघत असतो. फुगा लहान असला की त्याची वळणदार भिंत आतल्या हवेला चांगलीच दाबून धरते. फुगा मोठा होत गेला की ती भिंत सपाटीकडे झुकते आणि दाब उतरतो. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या फुग्यात जेवढा जादा दाब असतो, त्याच्या पन्नासावा हिस्साच अर्धा मीटर त्रिज्येच्या फुग्यात असतो. म्हणजे मोठ्या फुग्याला जोर नकोच असतो. त्याला हवा हवी असते, भरपूर आणि सावकाश. एक मीटर व्यासाच्या फुग्यात ५०० लिटरहून जास्त हवा मावते. मुलाने ती फुंकून भरायची म्हटली तर शेकडो फुंकरी लागतील, आणि त्यातली पहिलीच पडदा फाडेल. त्या हवेचं वजन ६०० ग्रॅमच्या वर जातं. आणि तिला धरून ठेवणारा पापुद्रा? त्याची जाडी सरासरी एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग धरली, तर अख्ख्या फुग्याला मिळून साबणपाणी लागतं तीनेक मिलिलिटर. चहाचा चमचाही पुरता भरत नाही. अर्ध्या किलोहून जास्त हवा एवढ्याशा पाण्याने कवेत घेतलेली आहे, हा हिशेब मी मुलांसमोर कागदावर मांडला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा करून घेतला. मोठा फुगा हवेत सुटल्यावर इतका सावकाश, इतका आळसावून का हेलकावतो, तेही मग त्यांना कळलं. आतली हवा भरपूर, हलवायला जड. आणि तिला परत गोल आकारात ओढणारा पापुद्र्याचा ताण अगदी नाजूक.

फुगे काढायच्या कांडीबद्दल माझं मत ठाम आहे. ती घरी करावी, आणि मुलांनी करावी. विकतच्या कांडीत वाईट काही नाही. तिच्या कड्याला बारीक खाचा असतात, त्यांत साबणपाणी साठतं आणि एका बुडवणीत बरेच फुगे निघतात. कुणीतरी विचार करून केलेली वस्तू आहे ती. पण विकतच्या कांडीतून फुगा आला नाही की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. स्वतः वळलेल्या तारेतून आला नाही की ते तारेकडे बघतं. जोड नीट बसला नाही का? कडं वाकडं झालं का? तार फार गुळगुळीत आहे का? दोष शोधायला जागा मिळाली की मूल रडत बसत नाही, कामाला लागतं. याच एका कारणासाठी मी फुग्यांचं सामान विकत आणायचं टाळते.

सुरुवात तारेच्या कड्यांपासून करावी. हाताने वाकेल अशी जाडसर तार घ्यायची, एक टोक मुठीत धरायला सरळ ठेवायचं, दुसरं वळवून कडं करायचं, आणि कड्याभोवती लोकरीचा किंवा सुती धागा घट्ट गुंडाळायचा. तारेची टोकं आपण आत मुडपून द्यावीत, ती बोचतात. कड्याला आकार कोणता द्यायचा ते मुलांवर सोडावं. माझ्या भाचीने चौकोन केला, तिच्या धाकट्या भावाने चांदणी, शेजारच्या मुलीने बदाम. आमच्याकडे नियम असा, की बुडवण्याआधी प्रत्येकाने काय होईल ते बोलून दाखवायचं. चौकोनातून चौकोनी फुगा येणार, यावर सगळ्यांचं एकमत. बुडवलं, फुंकलं, आणि फुगा आला गोल. चांदणीतून गोल. बदामातूनही गोल.

"मावशी, माझा चौकोन कुठे गेला?" भाचीने विचारलं. तिच्या आवाजात तक्रार होती.

अशा वेळी उत्तर जिभेवर असतं, पण ते गिळावं. मी तिला फक्त धागा दिला. शिवणाच्या धाग्याची छोटी, सैल फासोळी करून तारेच्या कड्याला मध्यभागी लोंबेल अशी बांधायची आणि अख्खं कडं साबणपाण्यात बुडवून वर काढायचं. पडद्यावर ती फासोळी वेडीवाकडी पडलेली असते, कुठेही ढकलली तरी सरकते. आता फासोळीच्या आतला पडदा तेवढा कोरड्या बोटाने फोडायचा. क्षणात धागा ताठ होतो आणि नेमकं वर्तुळ उमटतं. इतकं नेमकं की कंपास लावून काढल्यावरही मुलांकडून निघत नाही. बाहेरचा पडदा चहूबाजूंनी धाग्याला स्वतःकडे खेचतो आहे, त्याला आपलं क्षेत्रफळ होईल तितकं कमी करायचं आहे, आणि ठरावीक लांबीच्या धाग्याने जास्तीत जास्त जागा मोकळी करून द्यायची तर वर्तुळाशिवाय दुसरा आकार नाही. भाचीने फासोळी ओढून लांबट केली आणि सोडून दिली. पुन्हा वर्तुळ. मग तिने तिकोनी करायचा प्रयत्न केला. पुन्हा वर्तुळ. बराच वेळ ती तेच करत होती, आणि मधेच म्हणाली, "त्याला गोलच व्हायचंय." फुग्याचंही तेच. ठरावीक हवा कमीत कमी भिंतीत मावायची तर गोलच हवा. कांडीचा आकार फुग्याला फक्त जन्मापुरता लागतो.

चौकोनाची हौस मात्र भागवता येते. तारेची घनाकृती, म्हणजे ठोकळ्याच्या बारा कडा तेवढ्या, करून ती बुडवली तर सहा बाजूंना सहा पडदे बसतील असं वाटतं. तसं होत नाही. बाराही कडांवरून पडदे आत झुकतात आणि मधोमध एक छोटा चौकोनी पडदा तयार होतो. त्या मध्यावर ओल्या स्ट्रॉने फुंकर घातली की तिथे फुगवट्या भिंतींचा, पण खरोखर सहा बाजूंचा फुगा अडकून बसतो. अशा चौकटी बुडवून बुडवून त्यांचे नियम शोधणारा माणूस जोसेफ प्लातो, बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ. पडदे एकमेकांना भेटतात ते तिनाच्या गटात आणि १२० अंशांच्या कोनात; आणि त्यांच्या कडा एका बिंदूत भेटतात त्या चारच्या चार. त्याचं हे सगळं काम १८७३ साली ग्रंथरूपात आलं, तेव्हा तो कित्येक वर्षांपासून पूर्ण आंधळा होता. घरचे आणि सहकारी चौकट बुडवत, काय दिसतं ते सांगत, आणि तो मनात रचत जाई. हे नियम गणिताने पक्के सिद्ध व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं. ते जीन टेलर या गणितज्ञ बाईंनी केलं. प्लातोची गोष्ट सांगितली की मुलं डोळे मिटून चौकट बुडवतात आणि एकमेकांना विचारतात, "आता काय दिसतंय?" सांगणाऱ्याला नीट सांगता येत नाही. बघितलेलं शब्दांत मांडणं किती अवघड असतं, ते त्यांना तिथे कळतं.

आता मोठी कांडी. दोन काठ्या घ्यायच्या, मुलाच्या हाताच्या लांबीच्या किंवा थोड्या जास्त. बांबूच्या चालतात, जुन्या झाडूच्या दांड्या चालतात. हलक्या हव्यात, नाहीतर छोट्यांचे दंड भरून येतात. दोरी सुतीच हवी. नायलॉनची दोरी दिसायला छान, पण ती पाणी पीत नाही, आणि मोठ्या फुग्याला फुगताना लागणारं पाणी दोरीतूनच मिळत असतं. पायजम्याची सुती नाडी उत्तम. बारीक सुताची तिपेडी वेणी घातली तर त्याहून उत्तम, कारण पेडांच्या मधल्या फटींतही पाणी साठतं. आणि वेणी घालताना मुलं शांत बसतात, हा वरचा फायदा. दोरी नवी असेल तर आधी साध्या पाण्यात चांगली भिजवून पिळून घ्यावी.

एक तुकडा हातभर. तो दोन्ही काठ्यांच्या टोकांना बांधायचा, ही वरची बाजू. दुसरा त्याच्या दुप्पट, त्यात मधोमध एक वायसर ओवायचा आणि त्याचीही टोकं त्याच दोन टोकांना बांधायची. काठ्या उघडल्या की खाली टोक असलेला त्रिकोण होतो आणि वायसरच्या वजनाने दोरी खाली ताणलेली राहते. वायसर नसेल तर जड बटण, लोखंडी नट, काहीही. गाठी मुलांनाच मारू द्याव्यात. दोरी निसटू नये म्हणून टोकापाशी काठीला खाच पाडायची असते, तेवढं काम मोठ्यांचं.

वापरायची रीत सांगायला सोपी, हाताला यायला वेळ घेणारी. काठ्या जवळ धरून दोरी पूर्ण बुडवायची. वर काढताना काठ्या मिटलेल्याच ठेवायच्या, थेंब जरा गळू द्यायचे. मग हात उंचावून काठ्या हळूहळू उघडायच्या. पडदा उघडताना दिसतो. दोरीपासून दोरीपर्यंत ताणलेला, वाऱ्याच्या झुळकेने पोट काढलेला. आता पाठीमागे चालत जायचं, किंवा वारा असेल तर नुसतं उभं राहायचं. पडद्याची लांब नळी बाहेर निघू लागते. आणि मग काठ्या पुन्हा जवळ आणायच्या. हा शेवटचा भाग सगळी मुलं विसरतात. नळी वाढते आहे, वाढते आहे, अजून वाढावी असं वाटतं, आणि मिटायचं राहून जातं. मिटलं तरच फुग्याचं तोंड बंद होतं आणि तो सुटतो. आमच्याकडे एक जण काठ्या धरतो आणि बाकीचे ओरडतात, "मीट! मीट!" माझा भाचा तेव्हाही मिटत नाही. त्याला फुगा नकोच असतो, त्याला ती लांबत जाणारी नळी हवी असते. तो मागे मागे पळतो, नळी त्याच्या दुप्पट लांब होते, फुटते, त्याच्या तोंडावर बारीक तुषार उडतात आणि तो खूश. मी त्याला सुधारायला जात नाही.

साबणपाण्याबद्दल प्रत्येकाची आपली कृती असते आणि प्रत्येकाला तीच खरी वाटते. माझी साधी आहे: एक लिटर पाण्याला भांडी घासायचं ५० मिलिलिटर लिक्विड, दोन-तीन ग्रॅम ग्वार गम, आणि दोनेक ग्रॅम बेकिंग पावडर. ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांची पूड. ती थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि मग काही केल्या मोडत नाहीत, म्हणून आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यायची आणि ती पातळ पेस्ट पाण्यात ढवळत सोडायची. लिक्विड सगळ्यांत शेवटी, आणि ते घातल्यावर ढवळायचं अगदी हलक्या हाताने. फेस झाला तर तो वरून काढून टाकावा. फेसातून दोरी वर आली की पडदा धरत नाही. पाणी जड असेल, साबणाला फेस न येणारं, तर उकळून, गार करून, गाळून घ्यावं. मिश्रण काही तास झाकून ठेवलं तर जास्त चांगलं चालतं. मुलांना हे थांबणं जड जातं. तेवढ्या वेळात दोऱ्या वळून होतात.

गवारीच्या पुडीचं काम काय, हे मला बरेच दिवस नीट उलगडत नव्हतं. साबण पाण्याचा पृष्ठताण उतरवतो, साधारण एक-तृतीयांशावर आणतो, हे शाळेत शिकलेलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना साबणाचे रेणू दाटीने उभे राहतात आणि मधे पाणी असतं. पापुद्रा एखाद्या जागी पातळ झाला की तिथे साबण विरळ होतो, तिथला ताण वाढतो आणि आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जाऊन ती जागा भरून निघते. फुगा स्वतःची डागडुजी करत असतो, ती अशी. पण हातभर फुग्यापर्यंत हे पुरतं. माणसाएवढ्या फुग्याला आणखी काहीतरी लागतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात जस्टिन बर्टन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर काम केलं आणि ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. बार्सिलोनात रस्त्यावर महाकाय फुगे सोडणारे कलाकार त्यांनी पाहिले होते, तिथून हे डोक्यात शिरलं. त्यांना आढळलं की पाण्यात गवारीच्या पुडीसारखा लांबलचक रेणूंचा पदार्थ मिसळला की पापुद्रा तुटायच्या आधी खूप ताणला जातो. जुन्या डब्यातला पदार्थ नव्यापेक्षा सरस ठरला, कारण जुना होता होता त्याचे काही रेणू तुटून आखूड झाले होते. आखूड-लांब रेणूंची सरमिसळ एका लांबीच्या रेणूंपेक्षा जास्त बळकट पडदा देते. सूत कातताना लहान-मोठे तंतू एकमेकांत गुंततात आणि पीळ धरतात, तसंच काहीसं. शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या कलाकारांकडून प्रश्न उचलावा आणि उत्तर गवारीच्या पुडीपाशी येऊन थांबावं, याचं मला अतोनात कौतुक आहे.

आणि भांड्यांच्या साबणाचा विषय निघालाच आहे तर आग्नेस पोकेल्सचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही मुलगी. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद. घरात आजारी आईवडील, भांडीकुंडी, स्वयंपाक. खरकट्या पाण्यावर तेलाचा आणि साबणाचा तवंग कसा पसरतो, ते बघता बघता तिने पत्र्याचं एक पन्हाळ्यावजा भांडं तयार केलं, त्यावर सरकती पट्टी बसवली, आणि पृष्ठभागावर टेकवलेलं छोटं बटण उचलायला किती वजन लागतं ते ताजव्याने मोजून पृष्ठताण काढला. कुठलीही पदवी नाही. १८९१ मध्ये तिने हे सगळं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवलं, आणि त्यांच्या शिफारशीने ते पत्र त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. पुढे या क्षेत्रात वापरली गेलेली उपकरणं तिच्या त्या भांड्याच्या वाटेनेच गेली. ही गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते. मुलांनाही सांगते, भांडी घासायची पाळी त्यांची असते तेव्हा.

हवामानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कोरड्या, कडक उन्हात उत्तम मिश्रणही हरतं, कारण पापुद्र्यातलं पाणी बघता बघता उडून जातं. पाऊस पडून गेल्यानंतरची वेळ सगळ्यांत चांगली, नाहीतर सकाळ किंवा संध्याकाळ, सावलीत. वारा असावा, पण झाडाची पानं जेमतेम हलतील एवढाच. जागा गवताची किंवा मातीची बघावी. फरशीवर चार थेंब सांडले की पाय सटकतो. डोळ्यांत साबणाचे तुषार गेले तर लगेच साध्या पाण्याने धुवावेत, आणि दोरी हाताळल्यावर तेच हात डोळ्यांना लावू नयेत हे छोट्यांना दहादा सांगावं. एवढं जमलं की मग सगळं अंगण आपलं.

फुगा फोडणाऱ्या मुलांवर मोठी मुलं चिडतात. "आत्ताच तर सोडला!" अशी ओरड होते. मला दोन्ही बाजू पटतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला फुगा दिसला की हात लावायचाच असतो, आणि हात लावला की तो नसतो. या दोन गोष्टींमधला संबंध ते मूल पुन्हा पुन्हा तपासत असतं. ते त्याचं काम आहे. म्हणून छोट्यांसाठी मी वेगळं ताट ठेवते आणि स्ट्रॉचा जुडगा रबरबँडने बांधून देते; त्यातून ढीगभर लहान फुगे निघतात आणि फोडायला कमी पडत नाहीत. आणि मोठ्यांना एक युक्ती शिकवते: हात कोपरापर्यंत साबणपाण्यात बुडवून मग फुग्यात घाल. कोरडं बोट पापुद्र्याला लागलं की तो तिथे फाटतो. ओल्या हाताभोवती मात्र तो चिकटून मिटतो आणि फुगा शाबूत राहतो. आपला हात मनगटापर्यंत फुग्याच्या आत असलेला बघताना मुलांचे चेहरे बघावेत. फोडायचं कुणी नावच काढत नाही.

फुटणं तसं डोळ्यांनी दिसतच नाही. एका जागी भोक पडतं आणि त्याची कड सेकंदाला काही मीटरच्या वेगाने मागे पळत सुटते, वाटेतलं सगळं पाणी गोळा करत. पडदा जितका पातळ, तितका वेग जास्त. आपण 'फुटला' म्हणेपर्यंत खाली पडणारे थेंब तेवढे उरलेले असतात. मोबाईलवर सावकाश चित्रण करता येत असेल तर एकदा जरूर करावं. मुलांनी ते इतक्यांदा मागे-पुढे फिरवून पाहिलं की शेवटी मीही त्यांच्यात जाऊन बसले.

पण माझ्या स्वतःच्या आवडीचं म्हणाल तर फुटायच्या आधीचा वेळ. मोठा फुगा सुटला की त्यावर हिरव्या आणि गुलाबी रंगांचे पट्टे वाहत असतात. ते रंग साबणात नसतात. पापुद्र्याच्या पुढच्या अंगावरून परतलेला प्रकाश आणि मागच्या अंगावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, आणि तिथली जाडी जशी असेल तसे काही रंग मावळतात, काही उजळतात. म्हणजे रंग हा जाडीचा नकाशाच. पाणी खाली ओघळत असतं, वरचा भाग पातळ होत जातो. एका लहान कड्यावरचा पडदा उभा धरून मुलांना घरात, खिडकीपाशी, हे दाखवावं. वरून आडवे पट्टे उतरायला लागतात, हिरवे-गुलाबी खाली सरकतात, मग सोनेरी, मग चंदेरी, आणि मग वरच्या कडेला काहीच दिसेनासं होतं. तिथे भोक पडलंय असं वाटतं. भाची म्हणाली, "मावशी, वरचा गेला." गेलेला नसतो. तिथे तो इतका पातळ झालेला असतो, प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पातळ, की दोन्ही अंगांवरून परतलेले किरण एकमेकांना पुसून टाकतात. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे ही भोकं वर्णन केली होती. न्यूटनने तर फुग्यावर काचेचं झाकण ठेवलं, हवेने तो हलू नये म्हणून, आणि माथ्यावरचा काळा ठिपका फुटेपर्यंत कसा रुंदावत जातो ते नोंदवलं. १७०४ च्या त्याच्या ग्रंथात ते आहे. आम्ही काचेचा मोठा वाडगा पालथा घातला. ठिपका आला. धाकट्याने श्वास रोखून धरला होता, आणि काचेबाहेर श्वास रोखायची गरज नाही हे त्याला सांगावंसं मला वाटलं नाही.

फुग्यात आणखी एक गंमत असते, ती जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. बाहेर सोडलेल्या फुग्याच्या वरच्या अर्ध्यात आभाळ आणि झाडं सरळ दिसतात आणि खालच्या अर्ध्यात तीच झाडं उलटी. पुढची भिंत फुगीर आरसा, मागची खोलगट आरसा. दोघींची चित्रं एकाच वेळी. फुगा जवळून गेला तर दोन भाच्या दिसतात, एक पायावर उभी, एक डोक्यावर.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: हा ठेवता येईल का? कायमचा? बंद बरणीत, धूळ आणि कोरडी हवा लागू न देता, फुगा बराच टिकतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी पाणी आणि ग्लिसरीनच्या पापुद्र्यावर प्लॅस्टिकचे बारीक कण चढवून केलेला एक बुडबुडा ४६५ दिवस टिकला. ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तो उडायचा का?" नाही, तो गोटीएवढा, एका जागी बसलेला होता. तिने जरा विचार केला आणि काठ्या उचलल्या. भाच्याला मात्र आकड्यांचं वेड, त्याला सर्वांत मोठा कुठला ते हवं होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये २० जून २०१५ रोजी गॅरी पर्लमन यांनी सोडलेला, ९६.२७ घनमीटरचा. एवढ्यात आपली खोली मावेल का, याचं गणित त्याने पट्टी घेऊन केलं. आमची ती खोली मावली आणि वर जागा उरली.

खेळ संपल्यावरची कामं मुलांकडूनच करून घ्यावीत. दोऱ्या साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायच्या. साबण तसाच वाळला तर त्या कडक होतात आणि पुढच्या वेळी पाणी धरत नाहीत. उरलेलं मिश्रण ओढ्या-तळ्याजवळ ओतायचं नाही, साबण माशांच्या कल्ल्यांना बाधतो. ते गाळून बाटलीत भरायचं आणि वर 'पिऊ नये' असं ठळक लिहायचं. दोन-चार दिवस चांगलं चालतं. वास यायला लागला की मोरीत ओतून द्यावं, गवारीची पूड शेवटी नासतेच. आमच्या बाटलीच्या चिठ्ठीवर भाचीच्या अक्षरात आणखी तीन ओळी आहेत: दोरी जाड करणे. वायसर हलका घेणे. धाकट्याने वेळेवर मिटणे.